नोटीस भिंतीवर, भिंत जागेवर

पावसाळा तोंडावर आला, की धोकादायक इमारतींना नोटिसा बजावण्याचा सोपस्कार महापालिका पार पाडते. जुन्या सोलापुरातील पेठांमध्ये मात्र कागद भिंतीवर आणि भिंत जागेवर, हेच चित्र दिसते. अशा वेळी शेजाऱ्यांनीच श्रमदानातून पडके वाडे का हटवू नयेत, असा सूर उमटणे साहजिक आहे.

श्रमदान महाराष्ट्राला नवे नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २०००-०१ पासून गावोगावी हाती झाडू दिला, तर अलीकडे तरुणांनी बारवांतील गाळ उपसला. परंतु बारव गावाची असते, वाडा खासगी. मालकाच्या संमतीविना त्याला हात लावणे हाच गुन्हा ठरू शकतो. शिवाय धोका मोठा. माळवदात पाणी मुरले की मातीचे वजन वाढते, तुळया कुजतात आणि सामाईक भिंत शेजारचे घरही ओढून नेते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसे झोपेत गाडली गेली. हे कुदळ-फावड्याचे काम नव्हे.

कायदा दुबळा आहे, असेही नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार आयुक्त मोडकळीस आलेली इमारत उतरवण्याचा आदेश देऊ शकतात, तर कलम २६८ नुसार ती रिकामी करवून घेऊ शकतात. बार्शी, पंढरपूरसारख्या नगरपालिकांना १९६५ च्या अधिनियमातील कलम १९५ चा आधार आहे. खर्च मालकाकडून वसूल करता येतो. पण मालक कोण?

खरी गाठ येथेच आहे. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, वारस पुण्या-मुंबईत विखुरलेले आणि तळमजल्यावर जुना भाडेकरू. वाडा पडला तर आपला हक्क बुडेल, या भीतीने तो कुलूप लावून का होईना, ताबा सोडत नाही. वास्तविक, पाडकामापूर्वी भाडेकरूच्या जागेचे मोजमाप करून त्याला दाखला द्यावा, असे नगरविकास विभागाच्या २०१५ च्या सूचना सांगतात. ही तरतूद नोटिशीसोबतच भाडेकरूच्या हाती पडली, तर निम्मा विरोध मावळेल.

रहिवाशांच्या पुढाकाराला वाव आहे तो याच ठिकाणी: वारसांचे पत्ते शोधणे, त्यांना एका बैठकीला बसवणे, संरचनात्मक तपासणीचा आग्रह धरणे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी दीर्घ वादानंतर १५ जून २०२३ रोजी महापालिकेने पाडलीच. त्या चिमणीमागे विमानसेवेची मागणी होती. पेठेतल्या पडक्या वाड्यासाठी अशी रेटून मागणी करणारे फक्त त्याचे शेजारीच असतात.