हातात पोकलेन, खिशात कागद नाही

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्यावर पोकलेन, रोलर चालवलेली आपल्या वस्तीतली पोरं आता पुढच्या कामाच्या शोधात आहेत. कामं आहेतही. वाढवण बंदर आहे, मेट्रो आहे. पण मोठ्या कंपनीच्या गेटवर पहिला प्रश्न येतो, "सर्टिफिकेट आहे का?"

आमच्याकडे येणाऱ्या तरुणांची कहाणी साधारण सारखीच असते. शाळा सुटली, मालकाच्या मशीनवर हेल्पर म्हणून लागला. ग्रीस मारायचं, बकेटची माती काढायची, रात्री डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून मशीनजवळच झोपायचं. उस्ताद जेवायला गेला की लिव्हर हातात. दोन-तीन वर्षांत तो पक्का ऑपरेटर होतो. त्याच्या बापाने टिकाव-फावड्याने जे काम आठवडाभर केलं असतं, ते तो दुपारपर्यंत उरकतो. मात्र कागदावर तो अजून बिगारीच असतो.

असाच एक 22 वर्षांचा मुलगा गेल्या पावसाळ्यात मशीन घसरून जखमी झाला, पाय गेला. मालकाने सांगितलं, हा आमचा ऑपरेटर नाहीच, राखणीला ठेवला होता. तीन वर्षं रोज मशीन चालवल्याचा एकही पुरावा त्या घरात नव्हता. भरपाईसाठी आम्ही अजून हेलपाटे घालतो आहोत.

कार्डांबाबत आपल्याकडे मोठी गल्लत आहे. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड वर्षात 90 दिवस काम केल्याच्या दाखल्यावर मिळतं. ते कल्याणकारी योजनांसाठी आहे. काढायलाच हवं, पण त्याने कौशल्य सिद्ध होत नाही. आरटीओचं लायसन्स मशीन रस्त्यावर आणण्यासाठी लागतं. खोदाई नीट येते का, हे त्यावरून कळत नाही. कौशल्याचा कागद वेगळा. बॅकहो लोडर, एक्स्कॅव्हेटर यांच्या ऑपरेटरसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलची प्रमाणपत्रं आहेत. अनुभवातून शिकलेल्यांची परीक्षा घेऊन दाखला देण्याची आरपीएलची वाटही आहे.

वाट आहे, पण तिची अवस्था काय? आम्ही पाहिलेल्या एका बॅचमध्ये पोरांना टी-शर्ट मिळाले, बॅनरखाली फोटो निघाला, मशीनवर मात्र कुणीच बसलं नाही. सगळे पास! असा कागद गेटवरच्या सुपरवायझरला बरोबर ओळखू येतो आणि खरं काम येणाऱ्याचीही किंमत त्याच्यासोबत जाते.

ब्रिटनमध्ये सीपीसीएस नावाचं कार्ड चालतं. प्रशिक्षण आणि परीक्षा झाली की लाल, साइटवर काम करून व्यावसायिक पात्रता मिळवली की निळं. कुठलं मशीन चालवता येतं, तेही कार्डावर नोंदवलेलं असतं. कायद्याने ते सक्तीचं नाही. पण मोठे कंत्राटदार त्याशिवाय मशीनवर बसू देत नाहीत, म्हणून त्याला वजन आहे. आपल्याकडे सरकारी कंत्राटांत ही अट घातली आणि परीक्षेचा खर्च कंत्राटदारावर टाकला, तरच काही बदलेल. नुसती अट घातली तर उलट आपलीच पोरं आधी बाहेर फेकली जातील, हा धोका आम्हाला दिसतो.

1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य मुलांसाठी सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी मागितली होती. आपल्या चळवळीत शिक्षण म्हटलं की स्पर्धा परीक्षा आणि पदवीच डोळ्यांसमोर येते. विहारातल्या मार्गदर्शन शिबिरात जेसीबी ऑपरेटरसाठी खुर्ची आम्हीही आजवर ठेवली नव्हती, हे कबूल करायला हवं.

सध्या आम्ही पोरांना एक वही देतो. तारीख, साइट, मशीन, किती तास, मालकाची किंवा सुपरवायझरची सही. मजुरी रोख न घेता खात्यावर घ्या, असंही सांगतो. काही मालक सही द्यायला नकार देतात. मग त्या दिवशी साइटचं नाव दिसेल असा मशीनसोबतचा फोटो काढून ठेवायचा.

जय भीम.