विलायतेतील विटांची भिंत

आपल्यापैकी कित्येकांचे मुलगे-सुना, लेकी-जावई आज इंग्लंडात आहेत. लेस्टर, बर्मिंगहॅमसारख्या शहरांत लाल विटांच्या जुन्या घरांच्या रांगाच आहेत. १९१९ पूर्वीच्या या घरांची भिंत बहुधा नऊ इंची आणि भरीव, मध्ये पोकळी नाही. थंडीत खोली तापवावी तेवढी ऊब भिंतीतून निघून जाते. मग कोणीतरी सुचवतो, आतून फोमच्या जाड पाट्या ठोका. येथेच जपायला हवे.

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो. पाटीमागची वीट तशीच थंड पडते. शिजत्या भाताची, आंघोळीची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ फटीतून मागे शिरते आणि विटेवर तिचे पाणी होते. शिवाय पावसाने भिजलेली वीट पूर्वी खोलीच्या उबेने वाळत असे, ती आता ओलीच राहते. मजल्याच्या लाकडी तुळयांची टोके याच भिंतीत असतात. ती कुजू लागली तरी आतून भिंत दिसते गुळगुळीत!

म्हणून आधी गळकी पन्हळ नि मोकळ्या दरजा पाहाव्यात. दरजा चुन्यानेच भराव्यात. सिमेंट ओल कोंडून ठेवते. भिंत वाळली की लाकूडतंतूंच्या पाट्या मागे पोकळी न ठेवता बसवून वर चुन्याचा गिलावा करावा. खिडकीच्या कडांनाही पातळ थर द्यावा, नाहीतर बुरशी नेमकी तेथेच धरते. जाडीचा हव्यास नको. पहिले ४० मिलिमीटर वाया जाणाऱ्या उबेपैकी निम्म्याहून अधिक अडवतात. पुढचे ४० त्या मानाने थोडीच भर घालतात आणि वीट मात्र आणखी गार करतात. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात वाफ बाहेर फेकणारा पंखा हवाच.

भाडेकरूला मात्र ऐकवले जाते, “तुमच्या राहणीमुळेच बुरशी येते.” रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक फ्लॅटमधील बुरशीमुळे श्वसनविकार होऊन दगावला. सुदानहून आलेल्या त्याच्या आईबापांनी तक्रारी केल्या होत्या. त्यांनाही राहणीचाच बोल लावला गेला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून परिषदांच्या व गृहसंस्थांच्या भाड्याच्या घरांना लागू झाला. ओल-बुरशीच्या धोक्याची तपासणी व दुरुस्ती ठरावीक मुदतीत करावी लागते. तेव्हा मुलांना कळवा, काळा डाग दिसताच फोटो काढून तारखेसह लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत जवळ ठेवावी.