दोष अजिनोमोटोचा की सकाळच्या भाताचा?

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. कळंबचा एक मुलगा रात्री नऊच्या सुमारास आईबरोबर दवाखान्यात आला. वाणिज्य शाखेचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. दुपारी चार वाजता कॉलेजबाहेरच्या गाडीवर मित्रांबरोबर शेजवान राईस खाल्लेला आणि सहा वाजल्यापासून उलट्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर. आई त्याच्यापेक्षा जास्त हैराण. म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच सांगा ह्याला. ह्या अजिनोमोटोने पोरांच्या पोटाची वाट लावलीय."

मी मुलाला एवढेच विचारले, की बरोबरच्यांचे काय? तिघे होते. दोघांनी राईस घेतला, तिसऱ्याने नूडल्स. राईस खाणारा दुसरा मित्रही घरी उलट्या करत होता. नूडल्सवाला मात्र ठणठणीत, मैदानात क्रिकेट खेळून आलेला. आता अजिनोमोटो तर दोन्ही कढयांत एकाच डब्यातून पडला होता. मग फरक कशाचा?

वाचकहो, फरक भाताचा होता. आणि हीच गोष्ट आपल्या घरांतून कोणी बोलत नाही.

आधी अजिनोमोटोचे पाहू. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या कढणातून हा पदार्थ वेगळा काढला, पुढच्या वर्षी तो बाजारात आला. साठ वर्षे लोकांनी तो निमूट खाल्ला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले, की चिनी हॉटेलात जेवल्यावर आपल्याला मानेला बधिरपणा आणि धडधड जाणवते. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली वाईन असेल, मीठ असेल किंवा हा पदार्थ असेल. चार संशयितांतला एकच जगाने पकडला. पुढे लोकांना न सांगता दिलेल्या चाचण्यांत हा आरोप सातत्याने सिद्ध झाला नाही. रिकाम्या पोटी एकदम तीन ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काहींना तात्पुरता त्रास होऊ शकतो, इतकेच. हेच ग्लुटामेट टोमॅटोत असते, आईच्या दुधातही असते. अर्थात अजिनोमोटोची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. तो घातल्याने साधा पदार्थ चटकदार लागतो आणि पोरे दुसरी प्लेट मागवतात, ही तक्रार रास्तच आहे. पण उलट्यांचा गुन्हा त्याच्यावर लादला, की खरा गुन्हेगार मोकळा सुटतो.

त्याचे नाव बॅसिलस सिरियस. हा जंतू मातीत असतो, म्हणून तांदळातही असतो. भात शिजवताना जंतू मरतात, पण त्यांचे बीजाणू म्हणजे कवचातली बीजे जिवंत राहतात. शिजलेला भात कोमट पातेल्यात तसाच ठेवला, की ही बीजे उगवतात, भराभर वाढतात आणि विष तयार करतात. ऑक्टोबरातल्या आपल्या किनाऱ्यावरची उकाड्याची दुपार त्यांना फार मानवते. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. धडाडत्या भट्टीवर, धूर निघेपर्यंत परतलेला राईस पाहून आपल्याला वाटते, आता काय जंतू राहणार! जंतू मरतातही, विष मात्र तसेच राहते. वास येत नाही, चव बदलत नाही. खाल्ल्यानंतर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७१ पासून ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत फ्राईड राईस खाणाऱ्यांना असाच त्रास होऊ लागला, तेव्हा डॉक्टरांना याचा उलगडा झाला.

गाडीवाला सकाळीच भात का शिजवतो? आळस म्हणून नव्हे. ताजा, ओलसर भात कढईत चिकटतो, गोळा होतो. गार होऊन कोरडा पडलेला भात मोकळा परतला जातो. म्हणजे गार भात हा या पदार्थाचा धर्मच आहे. प्रश्न फक्त तो गार कसा करता आणि कुठे ठेवता, एवढाच. नूडल्सही उकडून, तेल लावून ठेवलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी तिसऱ्या मित्राचे नशीब चांगले होते असेच म्हणायला हवे. २००८ साली ब्रुसेल्समध्ये वीस वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्याने दगावला, तोही याच जंतूने. असे क्वचितच होते. बहुतेक रुग्ण चोवीस तासांत सावरतात.

इथे मला एक गंमत वाटते. आपल्याकडे अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या मावशीकडून बोंबील घेताना आपण काय करतो? बर्फात आहेत का ते बघतो, कल्ला उघडून पाहतो, सकाळपासून उन्हात राहिलेला माल कोणी फुकट दिला तरी घेत नाही. माशाच्या बाबतीत कळंबचे लहान पोरसुद्धा कोणाला फसायचे नाही. तेच पोर कॉलेजबाहेर दुपारी चार वाजता सकाळी दहाचा भात विचारपूस न करता खाते.

काही पालक सांगतात, बाहेरचे खाणेच बंद करा. म्हणणे सोपे आहे. कळंबहून सहाला निघायचे, बस किंवा रिक्षाने नालासोपारा स्टेशन गाठायचे, तिथून वसई किंवा विरारची गाडी, सातचे लेक्चर, नंतर क्लास. घरी यायला चार-पाच वाजतात. आई स्वतःच पहाटे भाजी घेऊन बाजाराला गेलेली असेल, तर डबा कोण करणार? गाडीवर शंभर रुपयांच्या आत पोट भरते, गरम मिळते, आणि मित्र असतात. त्या वयात मित्रांबरोबर उभ्याने खाण्याची मजा काय असते, हे आपण वडापाववाले विसरलो का? आणि हे चायनीज तरी कुठे चीनचे? कोलकात्याच्या हाक्का चिनी वस्तीतून आलेले. चिकन मंचुरियन तर १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी आले, लसूण, मिरचीवर सोया सॉस ओतून केले, असे सांगतात. चायनीज भेळ तर आपलीच.

बंदीची हौस सरकारांनाही असते. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत असे रंग सापडले होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने मंचुरियनच्या गाड्यांनाच मनाई केली. रंगाचे पाऊल योग्यच. बोटांना लाल डाग पडतो ती चटणी टाळावीच. पण गाड्या हटवून काही साधत नाही. गाडी दुसऱ्या गल्लीत जाते आणि पातेलेही तिच्याबरोबर जाते. गाडीवाल्याला भात कसा ठेवायचा हे कोणी बसून सांगितल्याचे मात्र मी पाहिलेले नाही. थोडा थोडा भात शिजवावा, पसरट ताटात पातळ पसरून तास-दोन तासांत गार करावा, नंतर बर्फाच्या पेटीत झाकून ठेवावा. घरीसुद्धा हेच. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देणाऱ्या गृहिणींनी गाडीवाल्याला हसू नये.

मिठाचेही सांगतो. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमांहून अधिक मीठ असते, दिवसाला पाच ग्रॅमांच्या आत राहावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज खाणाऱ्याने याचा हिशेब करावा. घरात रक्तदाब असेल तर नक्कीच.

उलट्या झाल्याच, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणू नये, तयार झालेल्या विषावर त्याचा उपयोग नाही. लघवी सहा-आठ तास झाली नाही, उलटीत किंवा शौचात रक्त दिसले, डोळे पिवळे झाले किंवा रुग्ण झोपाळू वाटला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

त्या मुलाचा पेपर बुडाला. दिवाळीनंतर तो खोकला घेऊन आला, तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, मी त्या गाडीवाल्याला भात कधीचा, म्हणून विचारलं. तो आधी चिडला. मग म्हणाला, बर्फाचे पैसे कोण देणार?" त्यावर पोरांनी प्लेटमागे पाच रुपये जास्त द्यायची तयारी दाखवली. मासळीची थर्मोकोलची एक जुनी पेटी याच्याच घरून जाणार होती. अजून नक्की काही ठरले नव्हते.