पडल्याचे लपवू नका

"काही नाही झाले, जरा पाय सरकला." घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचे हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. दादी मोरीत घसरतात, अब्बांची जिन्यातली शेवटची पायरी चुकते आणि दोघेही कोपर चोळत गप्प राहतात. कारण पडल्याचे कळले की घरचे काय म्हणतील, हे त्यांना ठाऊक असते. "उद्यापासून मशिदीत जायचे नाही. बाजारात जायचे नाही. एका जागी बसा." पडण्यापेक्षा या बंदीची धास्ती मोठी असते.

म्हणून या वेळी साखर आणि रक्तदाब थोडे बाजूला ठेवून पडण्याविषयी बोलू. विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांची संख्या सर्वांत मोठी असते. पासष्टीनंतर साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. हाडे ठिसूळ झालेली असली तर उभ्या उंचीवरून पडणेही खुब्याचे हाड मोडायला पुरेसे होते. त्यानंतर अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

वय झाले म्हणजे माणूस पडणारच, असे मात्र समजू नका. पडण्यामागे बहुधा कारण असते आणि बरीचशी कारणे दूर करता येतात. पण त्यासाठी पडल्याचे कोणी सांगायला तर हवे!

पहिले कारण घरातच असते. वुजू करताना आपण काय करतो ते आठवा. हात-तोंड धुऊन झाले की एक पाय उचलून बेसिनमध्ये किंवा नळाखाली धरतो. ओल्या फरशीवर, एका पायावर, तेही फजरच्या वेळी अर्धवट झोपेत. सत्तरीच्या माणसासाठी यापेक्षा धोक्याची जागा घरात शोधून सापडणार नाही. उपाय अगदी साधा आहे. न हलणारे, रबरी बूच लावलेले स्टूल नळाजवळ ठेवा, बसून वुजू करू द्या आणि पाय पुसायला टॉवेल हाताशी ठेवा. मोरीत व संडासात भिंतीला लोखंडी दांडा पक्का बसवून घ्या. टॉवेल टांगायच्या दांडीचा आधार घेऊ नये, ती वजनाने उखडते. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा राहू द्या. दुमडलेल्या कडेची सतरंजी, वाटेतली वायर, टाच नसलेली झिजलेली चप्पल, पायांत येणारी लुंगी किंवा बुरख्याची लांब कड, हेही पाहा.

दुसरे कारण औषधांच्या डब्यात असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, झोपेच्या गोळ्यांनी आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी तोल जातो किंवा गुंगी येते. उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा अधिक खाली येत असेल तर औषधाचा डोस किंवा वेळ बदलण्याचा विचार ते करतील. गोळी मनाने मात्र बंद करू नका. तोवर पलंगावरून उठताना मिनिटभर पाय खाली सोडून बसा, मग उभे राहा. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नका. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

तिसरे कारण मांड्यांत असते. वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि बसून राहिले की आणखी लवकर झिजतात. म्हणजे पडू नये म्हणून ज्यांना आपण बसवून ठेवतो, तेच पुढे लवकर पडतात! ताकद घरी तपासता येते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते मोजा. शेजारी कोणीतरी उभे असावे. पासष्ट ते एकोणसत्तर वयात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना ११ वेळा जमायला हवे. कमी भरले तर हेच उठणे-बसणे हळूहळू, झेपेल तितके, रोज करा. ओट्याला धरून टाचा उचलण्याचा व्यायामही करा. आहारात डाळ, अंडे, मासे, दही, कोंबडी यांपैकी काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात असू द्या. आपल्याकडे वडीलधारी मंडळी रात्री चहा-पावावर भागवतात, त्याने स्नायू टिकत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हे प्रमाण ठरवावे.

घरातच राहणाऱ्या आणि अंगभर कपड्यांत वावरणाऱ्या भगिनींना ऊन कमी मिळते. त्यांनी ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. शेजारणीने सांगितली म्हणून ६० हजार युनिटची पुडी महिनोन्‌महिने घेणे चांगले नाही.

खुर्चीवरच्या नमाजेविषयीही थोडे बोलायला हवे. नमाज ही इबादत आहे, व्यायाम नव्हे. तरी दिवसाच्या १७ फर्ज रकअतींत ३४ सजदे होतात आणि जमिनीवरून पुन्हा पुन्हा उठण्याने मांड्या जागत्या राहतात. नुसत्या सोयीसाठी खुर्ची धरली की ही हालचाल सुटते. पण ज्यांना खरोखर झेपत नाही, त्यांनी संकोच करू नये. ह. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभ्याने, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्यास सांगितले, असे सहीह बुखारीत आले आहे. तेव्हा गुडघ्यांचे डॉक्टरांना विचारा आणि नमाजेचे आलिमांना. खुर्ची घ्यावी लागलीच तर ती प्लॅस्टिकची, सरकणारी नसावी.

पडलेच तर? ओढून उठवू नका. आधी काय दुखते ते विचारा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, किंवा उभे राहताच येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता मोठी. तेल चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका, १०८ ला फोन करा. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी लागते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जा. सत्तरी पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. त्याचे कार्ड आजच काढून ठेवा. रुग्णवाहिका दारात उभी असताना ते सुचत नाही.

आता दोन विनंत्या. पहिली मशिदीच्या विश्वस्तांना. वुजूखान्यात बसायचे ओटे असतात, पण त्यावरून उठताना धरायला दांडा किती ठिकाणी असतो? एक दांडा, एक खरखरीत पट्टी आणि पायरीच्या कडेला पिवळा रंग, खर्च फार नाही. जमाअतीत वडीलधाऱ्यांची सफ भरलेली राहील.

दुसरी विनंती मुला-सुनांना. म्हातारपणी आईवडिलांना "उफ"सुद्धा म्हणू नये, असे दिव्य कुरआन बजावते. "पुन्हा पडलात? सांगितले होते ना!" हे वाक्य त्या "उफ"पेक्षा कमी बोचत नाही आणि पुढच्या वेळी तेच त्यांचे तोंड बंद करते. त्याऐवजी विचारा, "अब्बा, कुठे पडलात? किती वाजता? पायांत काय होते? कोणती गोळी घेतली होती?" मग दिवा लावा, दांडा बसवा, डॉक्टरांना भेटा. आणि इशाला मशिदीत जाताना त्यांच्याबरोबर चाला. त्यांना घरात बसवू नका.