चेहऱ्याचा कायदा आणि समाजाचे कर्तव्य

फ्रान्सच्या सिनेटने १४ सप्टेंबर २०१० रोजी २४६ विरुद्ध १ अशा मतांनी सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास बंदी करणारे विधेयक संमत केले. धर्मस्वातंत्र्यावर घाला पडल्याची ओरड तेव्हापासून सुरू आहे. ओरड करणाऱ्यांनी कायदा वाचला असता तर बरे झाले असते. त्यात कोणत्याही धर्माचा वा पोशाखाचा नामोल्लेख नाही. चेहरा झाकणाऱ्यास जास्तीत जास्त १५० युरो दंड. परंतु धाकदपटशाने दुसऱ्यास चेहरा झाकावयास लावणाऱ्यास एक वर्ष कैद आणि ३० हजार युरो दंड! पीडित व्यक्ती अल्पवयीन असल्यास ही शिक्षा दुप्पट. कायद्याचा खरा रोख स्त्रीवर नसून तिच्यावर सक्ती करणाऱ्यावर आहे, हे या आकड्यांवरूनच स्पष्ट होते.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १ जुलै २०१४ रोजी हा कायदा उचलून धरला. सरसकट बंदीसाठी सुरक्षेचे कारण मात्र न्यायालयाने पुरेसे मानले नाही. नागरिकांच्या परस्परसहजीवनाचा आधार ग्राह्य धरला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१८ मध्ये याउलट मत दिले. तरीही स्वित्झर्लंडच्या जनतेने २०२१ मध्ये ५१.२ टक्के मतांनी अशाच बंदीस कौल दिला आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. कोरोनाकाळात त्याच फ्रान्सने मुखपट्टी सक्तीची केली, तेव्हा ढोंगीपणाचा आरोप झाला. पण आरोग्याच्या कारणासाठीची सवलत मूळ कायद्यातच होती.

भारताने यातून काय घ्यावे? युरोपची नक्कल करण्याचे कारण नाही. मात्र जेथे ओळख पटविणे अनिवार्य आहे, तेथे धर्माच्या नावाने सवलत मागता येणार नाही. मतदारयादीत बुरखाधारी महिलांची छायाचित्रे घेण्यावरील आक्षेप मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळला, तो याच न्यायाने. मतदान केंद्रावर महिला कर्मचाऱ्यांकरवी ओळख पटविता येते. त्यात कोणाच्याही मर्यादेचा भंग होत नाही. मतपेढीवर डोळा ठेवून या साध्या नियमालाही विरोध करणारे राजकारणी त्या भगिनींचे हितकर्ते कसे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ या ग्रंथात पडदापद्धतीचे मुस्लिम स्त्रीच्या शरीरावर आणि मनावर होणारे दुष्परिणाम परखडपणे मांडले आहेत. त्यांचे नाव घेणारे पुरोगामी या प्रकरणाविषयी मौन का पाळतात? अर्थात हा प्रश्न विचारताना राजस्थान-हरियाणातील घुंगटाकडे डोळेझाक करणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. तेथेही सुनेच्या डोक्यावरचा पदर पुष्कळदा घरच्यांच्या धाकानेच खाली ओढला जातो.

म्हणून नियम एकच हवा आणि तो सर्वांना सारखा हवा : ओळखीच्या वेळी चेहरा उघडा, आणि सक्ती करणारा कोणत्याही धर्माचा असो, तो दंडास पात्र. कायदा एवढेच करू शकतो. घराघरांतील धाक दूर करण्याचे काम समाजाचे आहे आणि त्याचा आरंभ प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आतून केला पाहिजे.