मिनिट आणि सेकंदसुद्धा लिहा

आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मराठी व्हिडिओ पुष्कळ येतात. अडीच तासांचे नाटक येते आणि खाली एक ओळ असते, "मुलांना जरूर दाखवा." मुले पाच मिनिटे पाहतात. नावे, मग नांदी, मग कोणाचा तरी सत्कार! मुले उठून जातात आणि आपण म्हणतो, यांना मराठीची गोडी नाही. आमच्या मते हा मुलांवर अन्याय आहे. पुस्तक सुचवताना आपण धडा किंवा पान सांगतो, मग इथे नेमकी जागा का सांगू नये?

यूट्यूबवर ते अवघड नाही. संगणकावर हव्या त्या जागी व्हिडिओ थांबवून 'शेअर' दाबले की 'स्टार्ट ॲट' असा चौकोन दिसतो, त्यात खूण करावी. हातानेही जमते. पत्त्याच्या शेवटी इंग्रजी टी, बरोबरचे चिन्ह आणि सेकंदांचा आकडा लिहावा. १२ मिनिटे ३४ सेकंद म्हणजे ७५४. (हा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा!) पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर टीच्या आधी 'अँड'ची खूण, नसेल तर प्रश्नचिन्ह.

मात्र हशा पिकतो तिथूनच लावू नका. पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' गाडी म्हशीला धडकते तिथून ऐकली तर गाडीतली माणसे कोण हेच कळत नाही, आणि पुढची सगळी गंमत त्या माणसांचीच आहे. अर्धा मिनिट, गरज पडल्यास पाच मिनिटे अलीकडे या. अशाने मुले नुसते तुकडेच ऐकतील अशी भीती काही पालकांना वाटते. ती अगदीच खोटी नाही. पण तुकडा आवडला की मूल स्वतःहून मागे जाऊन उरलेले ऐकते, हे आम्ही घरी पाहतो.

मुलामुलींनो, आजीआजोबांना "मला कळले नाही" एवढेच लिहू नका. "१४:२० ला तो माणूस काय म्हणाला?" असे विचारा. त्यांना तेच वाक्य लावून पाहता येईल आणि तुम्हाला अर्थ सांगता येईल.

आपले हे पत्रक झेरॉक्स आहे, त्यावर बोट दाबून काही उघडत नाही. म्हणून इथे छापायला देताना व्हिडिओचे नाव, मिनिट-सेकंद आणि तिथले पहिले तीन-चार शब्दही द्यावेत. तेच नाटक दुसऱ्या कोणी चढवलेले असले तर सुरुवात कमीजास्त असते आणि वेळ जुळत नाही. अशा वेळी शब्दांवरून जागा सापडते.