हे शून्य कुणाच्या खात्यावर?

२०२१ साली अमेरिकेतल्या एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये २५९ खेळाडू निवडले गेले. त्यांत कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजांतला एकही नव्हता. २०२४ साली पुन्हा तेच, शून्य. मधल्या दोन वर्षांत अनुक्रमे चार आणि एक. २०२५ साली एक. एप्रिलअखेर ही यादी लागली की तिकडच्या क्रीडापंडितांचे सुस्कारे सुरू होतात: एकेकाळी काय खेळाडू द्यायची ही कॉलेजं, आता संपलीच म्हणायची!

संपली? कुणी संपवली, हे विचारायचं नाही का?

गोव्यातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा. हा अमेरिकेतला फुटबॉल बराचसा हातानेच खेळतात, अंगावर चिलखत चढवून. ड्राफ्ट म्हणजे ३२ व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू उचलायचे. हल्ली त्याच्या सात फेऱ्या होतात. आणि कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक कॉलेजं म्हणजे १९६४ पूर्वी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी काढलेली. गोऱ्यांच्या कॉलेजांचे दरवाजे बंद होते, म्हणून ही काढावी लागली. आजही अशी शंभरेक आहेत.

माझं अर्धं आयुष्य सरकारी नोंदवह्या भरण्यात गेलं. त्यामुळे कोणताही तक्ता समोर आला की मी आधी रकान्यांचे मथळे वाचतो. आकडे नंतर. रकाना कुणी आखला हे कळल्याशिवाय त्यातला आकडा वाचू नये, हे आमच्या खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल.

म्हणून हे एक उदाहरण बघा. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग कॉलेजचा बक ब्युकॅनन. साडेसहा फुटांवर उंची, धिप्पाड, आणि त्या देहाला न शोभणारा वेग. त्या काळी दोन प्रतिस्पर्धी लीग होत्या आणि दोघींचे ड्राफ्ट वेगळे. १९६३ च्या ड्राफ्टमध्ये नव्या एएफएलने ब्युकॅननला पहिल्या क्रमांकावर घेतलं. जुन्या, प्रतिष्ठित एनएफएलने त्याच साली त्याच माणसाला १९ व्या फेरीत घेतलं, २६५ वा! मनुष्य एक, वर्ष एक, आणि दोन वह्यांत दोन नोंदी. पुढे ब्युकॅनन हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. आता सांगा, २६५ हा आकडा ब्युकॅननची किंमत सांगतो की वही भरणाऱ्याची?

असे किती सांगावेत! १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४९ साली ग्रॅम्बलिंगचा टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून एनएफएलमध्ये गेलेला तो पहिला, पण त्याला ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नव्हतं. डीकन जोन्स १९६१ साली १४ व्या फेरीत गेला. जेरी राइस तर अगदी अलीकडचा, १९८५ चा. मिसिसिपी व्हॅली स्टेट नावाच्या लहानशा कॉलेजचा हा मुलगा १६ वा निवडला गेला. त्याच्या आधी मोठ्या कॉलेजांतले दोन रिसीव्हर उचलले गेले होते. २२,८९५ यार्डांचा त्याचा विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही.

माल होताच. बघणारे नव्हते. आणि जे बघायला गेले त्यांचं काय झालं, तर पिट्सबर्ग स्टीलर्स. बिल नन हा 'पिट्सबर्ग कूरियर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचा क्रीडा पत्रकार. तो दरवर्षी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंची यादी छापत असे. म्हणजे दुसरी एक वही. साठच्या दशकाच्या अखेरीस स्टीलर्सनी त्याला खेळाडू हेरायच्या कामावर घेतलं. मग सदर्नचा मेल ब्लाउंट आला, अलाबामा ए अँड एमचा जॉन स्टॉलवर्थ आला, साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल आला (त्याला तर ड्राफ्टमध्ये कुणीच विचारलं नव्हतं). १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत स्टीलर्सनी चार वेळा सुपर बोल जिंकला. ननला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती मृत्यूनंतर सात वर्षांनी, २०२१ साली. ड्राफ्टमध्ये शून्य लागलं तेच हे वर्ष. एका हाताने हार घालायचा तो असा.

आता दुसरी बाजू. म्हणतात, अहो, भेदभाव संपला, मोठ्या कॉलेजांचे दरवाजे उघडले, चांगली मुलं तिकडे गेली. ही तर आनंदाची गोष्ट, यात रडायचं काय? आणि मग १२ सप्टेंबर १९७० ची गोष्ट सांगतात. कॅलिफोर्नियाच्या सदर्न कॅल संघाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाच्या संपूर्ण गोऱ्या संघाला ४२-२१ असं हरवलं, कृष्णवर्णीय सॅम कनिंगहॅमने १३५ यार्ड धाव घेतली, आणि त्या दिवशी म्हणे अलाबामाचे डोळे उघडले. गोष्ट छान आहे. मात्र अलाबामाने आपला पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक, विल्बर जॅक्सन, या सामन्याआधीच घेऊन ठेवला होता. डोळे काही एका रात्रीत उघडले नाहीत. धंद्याचं गणित आधीच मांडून झालं होतं.

मुलांनी मोठ्या कॉलेजात जाऊ नये असं मी म्हणत नाही. अठरा वर्षांच्या पोरावर अख्ख्या समाजाचा भार टाकायला मी कोण? पण दरवाजा उघडला तो कितपत, हे तर मोजू. दक्षिणेतल्या सर्वांत दांडग्या एसईसी स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९६७ साली मैदानात उतरला. त्याच एसईसीत पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक कधी नेमला गेला? २००३ साली, मिसिसिपी स्टेटला, सिल्वेस्टर क्रूम. छत्तीस वर्षं! पाय हवे होते, खांदे हवे होते, डोकं नको होतं. ग्रॅम्बलिंगचे एडी रॉबिन्सन १९४१ साली प्रशिक्षक झाले ते १९९७ पर्यंत तिथेच. ४०८ सामने जिंकले, दोनशेहून जास्त खेळाडू व्यावसायिक संघांत पाठवले. रोपं उपटून नेली, माळ्याला कुणी विचारलं नाही.

आणि त्या 'चांगल्या सोयी'. मोठ्या कॉलेजांत सोयी चांगल्या, म्हणून मुलं जातात, हे खरंच. त्या सोयी आकाशातून पडल्या का? १८९० च्या कायद्याने दक्षिणेतल्या राज्यांना सांगितलं होतं की सरकारी कृषी विद्यापीठात कृष्णवर्णीयांना घेत नसाल तर त्यांच्यासाठी वेगळं काढा आणि निधी न्याय्य वाटा. वेगळं काढलं. निधीचं काय झालं ते सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनीच १६ राज्यांच्या राज्यपालांना पत्र लिहून कळवलं. तीसेक वर्षांत या विद्यापीठांना बरोबरीच्या वाट्यापेक्षा मिळून १२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली. एकट्या टेनेसी स्टेटचे सुमारे २.१ अब्ज. हे टेनेसी स्टेट म्हणजे १९७४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेल्या एड 'टू टॉल' जोन्सचं कॉलेज. त्या पत्राच्या हिशेबातली बाकीची नावं वाचताना जुनी ड्राफ्टची यादीच वाचतोय असं वाटतं: स्टीव्ह मॅकनेअरचं अल्कॉर्न, टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण जिंकलेल्या बॉब हेजचं फ्लोरिडा ए अँड एम, ब्लाउंटचं सदर्न, स्टॉलवर्थचं अलाबामा ए अँड एम.

म्हणजे आधी पाणी तोडायचं आणि मग पीक का आलं नाही म्हणून पंचनामा करायला यायचं. आमच्याकडेही असले पंचनामे होतात, पण निदान पाणी कुणी तोडलं ते गावाला ठाऊक असतं.

एनएफएल आता काही करतच नाही असं नाही. २०२२ पासून न्यू ऑर्लिन्समध्ये या कॉलेजांच्या खेळाडूंसाठी लेगसी बोल नावाचा सामना होतो, संघांचे हेर तिथे येतात. बरं आहे. त्यामागे डग विल्यम्स आणि जेम्स हॅरिस या ग्रॅम्बलिंगच्याच दोन क्वार्टरबॅकांनी उभी केलेली संस्था आहे. जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये एका क्वार्टरमध्ये चार टचडाऊन पास देणारा हाच तो विल्यम्स. ज्यांनी भोगलं त्यांनीच पुन्हा मांडवही घालायचा.

त्यात आता नवी तऱ्हा. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, आणि एक कॉलेज सोडून दुसऱ्याकडून लगेच खेळताही येतं. मुलांच्या हक्काच्या दृष्टीने हे योग्यच. पण लहान कॉलेजाने दोन वर्षं घडवलेला मुलगा शेवटच्या वर्षी मोठ्या कॉलेजात जातो, आणि ड्राफ्टच्या वहीत कॉलेजचा रकाना एकच. त्यात शेवटचं नाव लिहितात.

डिऑन सँडर्स २०२० साली जॅक्सन स्टेटचा प्रशिक्षक झाला. वॉल्टर पेटनचं हे कॉलेज. सँडर्सने कॅमेरे आणले, गर्दी आणली, आणि ट्रॅव्हिस हंटरसारखा देशातला अव्वल शाळकरी खेळाडू मोठ्या कॉलेजांच्या हातून काढून तिथे आणला. कुणाला जमलं नव्हतं ते केलं, हे कबूल करायलाच हवं. डिसेंबर २०२२ मध्ये तो कोलोराडोला गेला. हंटर गेला, सँडर्सचा मुलगा शेडूरही गेला.

२०२५ च्या यादीत पाचव्या फेरीत १४१ वा कार्सन व्हिन्सन, अलाबामा ए अँड एम. त्या सालचा एक तो हाच. मध्ये दोन नावं सोडून १४४ वा शेडूर सँडर्स: दोन हंगाम जॅक्सन स्टेटला, दोन कोलोराडोला. वहीत नोंद, कोलोराडो. हंटर यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. नोंद, कोलोराडो. आणि जॅक्सन स्टेटच्या नावावर त्या साली शून्य.